मागून जड, पुढून ऐटदार

रिठदमध्ये जेसीबीची ओळख करून द्यावी लागत नाही. तो शेततळी खोदतो, नाल्या उकरतो आणि एखाद्या हौशी घरचं लग्न असलं तर नवरदेवाला बादलीत बसवून मिरवतोही. ट्रॅक्टर तर घरचाच झाला. हडंबा सोयाबीनच्या दिवसांत येतो आणि गावभर भुसा उडवून जातो. पण याच भावकीतला एकजण अजून गावात पाय ठेवायला तयार नाही. वाशिम-रिसोड रस्त्यावरून त्याने उचललेला माल रोज जातो, त्याच्या हाताखालून गेलेली एक तरी वस्तू घरोघरी असते. स्वारी मात्र येत नाही. नाव फोर्कलिफ्ट. गावातली पोरं चाकणला, रांजणगावला, भिवंडीला कामाला गेली की याच्याशी गाठ पडते. मग दिवाळीला मोबाइलमध्ये त्याच्या शेजारी उभं राहून काढलेला फोटो दाखवतात. फोटोवरून माणूस कळत नाही, तसा हाही कळत नाही.

दिसायला ठेंगणा. पुढे एल अक्षराच्या आकाराचे दोन लोखंडी हात, म्हणजे फोर्क, ते नेहमी जमिनीलगत पसरलेले. काहीतरी मागायला बसल्यासारखे. त्यांच्या मागे उभी मान, तिला मास्ट म्हणायचं. डोक्यावर गजांचं छप्पर, म्हणजे वरून काही पडलंच तर ड्रायव्हर वाचावा. आणि मागे जे आहे त्याबद्दल जरा सांभाळून बोलावं लागतं, कारण सगळी ऐट तिथेच आहे. गोलाई दिलेला, पिवळाधमक किंवा केशरी रंगवलेला, वर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत मिरवणारा भलामोठा मागचा भाग. नवख्याला वाटतं, इंजिन तिथेच असणार. नसतं. तो ओतीव लोखंडाचा ठोकळा असतो. त्यात यंत्र नाही, सामान ठेवायला खण नाही, काही नाही. नुसतं वजन.

आणि त्या वजनावरच त्याचा सगळा संसार चालतो. तीन टन उचलणारा गडी स्वतः चार टनांच्या वर भरतो. बैलगाडी हाकलेल्या माणसाला याचं कारण सांगावं लागणार नाही. गाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांची मान आवळते. म्हणून भरणारा शहाणा असला तर आसाच्या दोन्ही बाजूंचा हिशेब मनात करतच पेंढ्या टाकतो. फोर्कलिफ्टचा आस म्हणजे त्याची पुढची चाकं. आसापुढे माल, आसामागे तो स्वतः. माल भारी पडला की मागची चाकं हवेत.

म्हणून त्याच्या अंगावर एक पाटी ठोकलेली असते आणि ती वाचल्याशिवाय त्याच्याशी व्यवहार करू नये. वर लिहिलेले तीन टन हे सरसकट तीन टन नव्हेत. मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या पाठीपासून अर्ध्या मीटरवर असेल तरच ते तीन टन. खोकं लांबट असेल, मध्य आणखी पुढे सरकला असेल, तर ताकद कमी. माल खूप उंच न्यायचा असेल तर त्याहून कमी. एवढ्या अटी घालणारा पैलवान कुस्तीच्या फडात चालला नसता.

आपल्याकडे या अटींवर एक गावठी तोड निघालेली आहे. दोन टनांच्या गड्यापुढे अडीच टनांचं खोकं आलं की कोणीतरी हाक मारतो आणि दोन धष्टपुष्ट कामगार मागच्या ठोकळ्यावर चढून उभे राहतात. उलाळ होणाऱ्या गाडीच्या धुरेवर पोरं बसवायची तीच जुनी युक्ती. सुरक्षा अधिकारी दिसला की दोघंही खाली उतरून विडी शोधायला लागतात. युक्ती चुकली तर सगळ्यात आधी हेच दोघं हवेत जातात, हे त्यांना माहीत असतं. तरी चढतात.

आता खानदान. या गड्याला आपल्या कुळाचा फार अभिमान असावा असं त्याच्या चालण्यावरून वाटतं, पण कूळ तपासलं तर गंमतच आहे. आजोबा अमेरिकेतल्या रेल्वे स्टेशनवर सामान वाहत होते. १९०६ साली पेनसिल्व्हेनिया रेलरोडने अल्टूना इथे प्रवाशांचं सामान न्यायला बॅटरीवरची सपाट गाडी वापरात आणली. ती चालायची, पण उचलणं तिच्या नशिबी नव्हतं. मग १९१७ साली मिशिगनमधल्या बुकॅनन गावी क्लार्क कंपनीने स्वतःच्या कारखान्यात माल इकडून तिकडे न्यायला एक गाडी बनवली. कंपनीचा धंदा मोटारींचे आस बनवण्याचा. पण कारखाना बघायला येणारे पाहुणे आस सोडून त्या गाडीचीच चौकशी करू लागले, आमच्यासाठीही एक बनवा म्हणू लागले. शेवटी कंपनीने ती गाडीच विकायला काढली. त्याच सुमारास पहिल्या महायुद्धामुळे इंग्लंडात माणसं कमी पडली, तेव्हा इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने माल हलवणारी यंत्रं बनवायला घेतली. ही मंडळी मूळची नांगर बनवणारी. म्हणजे एका बाजूने स्वारी आपल्या शेतकऱ्यांच्या नात्यातली निघते.

पण आज आपण ज्याला ओळखतो तो, म्हणजे मालाखाली फोर्क घालून स्वतःच्या डोक्याहून उंच मान ताणणारा, १९२३ सालचा. बनवला येल अँड टाउन या कंपनीने. आणि येल म्हणजे कोण? कुलूपवाले! दाराला कुलूप लावून माल एका जागी डांबून ठेवणाऱ्यांच्या घरात माल हलवणारा जन्मला.

ही नियतीची एकदाच झालेली चूक असती तर सोडून दिली असती. पण भारतातही तेच झालं. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा धंदा सुरू केला. ज्या १९२३ साली येलने मान उंचावणारा गडी घडवला, त्याच साली गोदरेजने लोखंडी कपाट बनवायला घेतलं. ते रिठदच्या घरांत अजून उभं आहे; हुंड्यात आलेलं, आरशाला तडा गेलेलं, वर नवऱ्यामुलीचं नाव रंगवलेलं. आणि १९६३ साली विक्रोळीत याच कुलूपवाल्यांनी भारतातला फोर्कलिफ्ट घडवायला सुरुवात केली. जपानातला टोयोटाचा पहिला फोर्कलिफ्ट १९५६ सालचा. तो ज्या घरात वाढला ते घर विणकामाचे माग बनवणाऱ्यांचं. जर्मनीतला लिंडे बर्फवाल्यांच्या घरचा. म्हणजे कुलूपवाले, आसवाले, मागवाले, नांगरवाले, बर्फवाले. कुळी म्हणावी तर सगळी कारागिरांची, आणि पोराचा थाट जहागीरदाराचा.

कारण याला पाट लागतो. खाली पाट मांडल्याशिवाय स्वारी कशालाही हात लावत नाही. त्या पाटाचं नाव पॅलेट: वर फळ्या, खाली फळ्या, मधे फोर्क शिरतील एवढी फट. आधी चार माणसांनी खोकी पॅलेटवर रचायची, पट्ट्या आवळायच्या, प्लास्टिकचा पातळ पडदा गुंडाळायचा, मग हे महाशय येणार, दोन हात आत घालणार आणि सगळं मीच केलं अशा थाटात वर उचलणार. तरीही त्याची बाजू घ्यावीच लागते. १९३१ साली अमेरिकेतल्या एका रेल्वेविषयक मासिकाने हिशेब छापला होता. डबाबंद मालाची १३,००० खोकी भरलेला वाघिणीचा डबा सुटासुटा रिकामा करायला तीन दिवस लागायचे. तोच माल पॅलेटवर रचून आला, तर चार तास. एवढा फरक दाखवल्यावर मालकलोक पाटच काय, चौरंगही मांडतील.

दुसऱ्या महायुद्धात या जोडीने खरं नाव कमावलं. अमेरिकी सैन्याने जिथे जिथे तळ ठोकले तिथे फोर्कलिफ्ट आणि पॅलेट बरोबर नेले. युद्ध संपलं, सैन्य घरी गेलं आणि ऑस्ट्रेलियात ढिगाने पॅलेट मागे राहिले. तिथल्या सरकारने ते जळणात घातले नाहीत. त्यासाठी एक यंत्रणा उभी केली आणि पॅलेट भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्यातूनच चेप नावाची जगभर निळे पॅलेट भाड्याने देणारी कंपनी वाढली. आपल्याकडे तेच पॅलेट आले असते तर त्यांचं काय झालं असतं हे सांगायला नको. शहरातल्या कंपनीतून टाकून दिलेला पॅलेट गावात आला की आधी त्याचं बाकडं होतं, मग कोंबड्यांचं खुराडं, आणि शेवटी पावसाळ्यात चूल. फक्त परदेशात जाणाऱ्या लाकडी पॅलेटचा रुबाब वेगळा. त्याला आधी ५६ अंशांवर अर्धा तास भाजतात, लाकडातले किडे परदेशी जाऊ नयेत म्हणून, आणि वर शिक्का मारतात. माणसाला व्हिसा मिळवायला एवढं भाजून घ्यावं लागत नाही. निदान शब्दशः तरी नाही.

पाटानंतर जमीन. जमीन सपाट हवी, कोरडी हवी, फरशी पक्की हवी. गडी टणक रबरी चाकांचा, अंगात स्प्रिंग नाही, खड्डा आला की सगळा हादरा मणक्यात. आपल्याकडची काळी माती म्हणजे तर त्याचा जन्मोजन्मीचा शत्रू. जुलै-ऑगस्टमध्ये रिठदच्या पांदण रस्त्यावर बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुततं, ट्रॅक्टर ओढायला दुसरा ट्रॅक्टर लागतो. तिथे चार टनांचा, मागून जड, लहान चाकांचा हा गडी आणून सोडला तर त्याला बाहेर काढायला जेसीबीच बोलवावा लागेल. आणि जेसीबी ते काम करताना भावकीतलं सगळं जुनं उकरून काढील. तसा मातीत चालणारा एक चुलत भाऊ आहे, लांब हाताचा. जेसीबीच्या घराण्याने १९७७ साली लोडऑल नावाने तो बाजारात आणला. परदेशातले शेतकरी त्याच्यावर गवताच्या गाठी रचतात. पण आपली स्वारी शेतात उतरत नाही ती नाहीच. एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जायचं झालं तरी स्वतः चालत नाही, ट्रकवर बसून जाते.

कायद्यालाही याचं काय करावं हे सुचलं नसावं. मोटार वाहन नियमांत त्याला रोडरोलर, डंपर, क्रेन यांच्या पंगतीला बसवून दिलं आहे, ‘कन्स्ट्रक्शन इक्विपमेंट व्हेइकल’ म्हणून. आयुष्यात विटेला हात न लावलेला, बिस्किटांची खोकी आणि फ्रीज उचलणारा गडी कागदावर बांधकामवाला आहे.

पण त्याचा सगळ्यात मोठा दोष आमच्या भागात कळतो. त्याला पोतं आवडत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात रिसोडच्या किंवा वाशिमच्या बाजार समितीत जाऊन बघा. सोयाबीनचे ढीग, मापाडी काट्यावर, अडत्या सावलीत, आणि पोत्यांच्या रांगा. पोत्याला कडा नसते, तळ नसतो. ते जिथे ठेवाल तिथे मांडी घालून बसतं. त्याच्याखाली फोर्क शिरायला फट कुठून आणायची? जोर केला तर फोर्क पोत्यात शिरतो आणि बारदान फाटून सोयाबीन भुईवर सांडतं. यार्डातल्या एका म्हाताऱ्या हमालाला पोरांनी फोर्कलिफ्टचा व्हिडिओ दाखवला. त्याने शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, “याले साधं पोतं धरता येत नाई, मंग याचा पगार कोन देते?”

प्रश्न रास्त आहे. हमालाला लागतं काय? डोक्यावरून पाठीवर टाकलेलं एक रिकामं बारदान, हातात आकडी आणि पोतं अंगावर देणारा साथीदार. एवढ्या भांडवलावर तो चिखलातून चालतो, हलत्या फळीवरून ट्रकमध्ये चढतो, ट्रकच्या आत अंधारात वळतो आणि खांद्यावरचं पोतं थप्पीत असं टाकतो की पोत्याचं तोंड आत आणि पाठ बाहेर. या चारांपैकी एकही गोष्ट फोर्कलिफ्टला जमणार नाही. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ १९५७ सालचं आहे. त्याच्या गोदामांत धान्याच्या ज्या थप्प्या छतापर्यंत गेलेल्या दिसतात, त्या अशाच पाठींनी रचल्या.

पण म्हणून हमालाच्या पाठीचे पोवाडे गाऊन फोर्कलिफ्टला हिणवावं, हे मला पटत नाही. पोवाडे गाणाऱ्यांपैकी कुणीही क्विंटलचं पोतं उचललेलं नसतं. पूर्वी पोतं शंभर किलोचं असायचं आणि ते एका माणसाने उचलायचं असायचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली शिफारस केली की धडधाकट पुरुषाच्या अंगावरही ५५ किलोंहून जास्त ओझं देऊ नये. आपली पोती पन्नास किलोंवर यायला त्यानंतरही बराच काळ गेला. युरियाची गोणी तर २०१८ पासून ४५ किलोंची झाली, पण ती हमालाची दया येऊन नव्हे, शेतकऱ्याने खत कमी टाकावं म्हणून. हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती आणि पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत. कायद्याने मजुरीला हिशेब आला, भविष्य निर्वाह निधी आला. गुडघ्याची वाटी मात्र कायद्याने परत येत नाही. यार्डाबाहेरच्या चहाच्या टपरीवर पंचावन्न-साठीचे जुने हमाल बसलेले असतात. त्यांच्यातला कोण किती वर्षं पोती उचलत होता, ते ओळखायला नाव विचारावं लागत नाही. तो बाकावरून कसा उठतो ते पाहायचं.

उलट बाजूही खरी आहे. १९५६ साली अमेरिकेतून पहिलं कंटेनरवाहू जहाज निघालं, आणि पुढे बंदरांत पोती-पेट्यांच्या जागी कंटेनर आले. कंटेनर भरायला आणि रिकामा करायला फोर्कलिफ्ट थेट आत शिरू लागला. १९८९ साली उरणजवळ जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं ते कंटेनरच्याच हिशेबाने. मुंबईच्या गोदीत ज्या कामाला माणसांचे ताफे लागायचे, ते ताफे आटले. तेव्हा फोर्कलिफ्ट गावात आला नाही याचा आनंद मानावा की खंत करावी, हे विचारणारा हमाल आहे की त्याचा मुलगा, यावर अवलंबून आहे. मुलगा बहुतेक वेळा चाकणला तोच चालवत असतो.

पोत्याशी त्याने एक तडजोड केली आहे, तीही स्वतःच्या अटींवर. एक टन मावेल असं महाकाय पोतं, वर चार कानांचे पट्टे. ते पट्टे फोर्कवर अडकवायचे. त्याला जम्बो बॅग म्हणतात. हमालाच्या पाठीवर ती कधीच जाणार नाही, एवढी खबरदारी आकारातच घेतलेली आहे.

आणि कापसाची त्याला खोड लागली आहे. सूतगिरण्यांत आणि मोठ्या जिनिंगमध्ये तो पुढचे फोर्क काढून ठेवतो आणि त्यांच्या जागी दोन रुंद पंजे चढवतो. दाबलेली रुईची गाठ, वजन १७० किलो, अशा कैक गाठी तो दोन्ही बाजूंनी कवटाळून एकदम उचलतो. इथे पाट मागत नाही, पॅलेट मागत नाही. वऱ्हाडचा कापूस दिसला की स्वारी सगळे नखरे विसरते. कागदाचे रोल उचलायचे तर गोल पंजे, माल आडवा करून ओतायचा तर गर्रकन फिरणारी मनगटं. कपड्यांचा शौक फार.

फ्रीज उचलतानाचे पंजे तर मऊ अस्तराचे. रांजणगावला एलजी आणि व्हर्लपूल दोघांचेही कारखाने आहेत. तिथे खोक्यातला फ्रीज दोन्ही गालांवर हात ठेवावा तसा अलगद दाबून उचलला जातो, ओरखडा नाही, धक्का नाही. तोच फ्रीज गोदाम, ट्रक, दुकान करत रिसोडला येतो आणि तिथून टेम्पोने रिठदला. आणि मग शेवटच्या तीस फुटांत चौघेजण जमतात. एक दोरी आणतो, दुसरा उंबऱ्यावर पोतं टाकतो, तिसरा फक्त “हां, हां, डावीकडून” म्हणतो, आणि चौथा म्हणजे ज्याची बोटं फ्रीज आणि चौकटीच्या मधे सापडतात तो. एवढ्या लांबच्या प्रवासात न आलेला पोचा इथे येतो. फोर्कलिफ्टला हे कळलं असतं तर तो नक्कीच हसला असता.

चालण्याची तऱ्हाही न्यारी. तो मागच्या चाकांनी वळतो. गावातलं पोरगं पंधराव्या वर्षापासून ट्रॅक्टर हाकत असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी फोर्कलिफ्टवर बसताना त्याच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नसतो. पहिल्याच वळणाला पुढचं तोंड बरोबर वळतं आणि मागचं बूड भलतीकडे झुलत जाऊन रॅकच्या खांबाला टेकतं. सुपरवायझर धावत येतो. पोरगं म्हणतं, मी तर बरोबर वळवलं होतं. त्याचं खरंच असतं. पुढून बरोबरच वळवलं होतं. मग हळूहळू कळतं की डावा हात स्टिअरिंगवरच्या मुठीवर, उजवा हात दांड्यांवर, आणि लक्ष सगळं पाठीमागे.

माल मोठा असला की पुढचं दिसत नाही. मग स्वारी उलटी चालते. सगळी पाळीभर मान मागे वळवून बसलेला ड्रायव्हर घरी गेल्यावर बायकोकडे बघायलाही आधी खांदा वळवतो. चढावर आणखी एक हट्ट: माल असेल तर मालाचं तोंड कायम चढाकडे. चढताना सरळ, उतरताना उलटं. चार चाकं दिसत असली तरी स्वारी खरी तीन पायांवर उभी असते, कारण मागचा आस मधोमध एकाच खिळीवर डुलतो. त्या तिकोनाबाहेर वजन गेलं की कसलीही पूर्वसूचना न देता आडवी होते. म्हणून चालताना फोर्क जमिनीपासून वीतभरच वर ठेवायचे. माल आकाशात धरून मिरवणूक काढली की शिक्षा जागच्या जागी.

उचलण्यात मात्र लबाडी नाही, हिशेब आहे. आतला तेलाच्या दाबावरचा दांडा एक मीटर वर सरकला की फोर्क दोन मीटर वर जातो. मधली साखळी अंतर दुप्पट करून देते आणि त्याची किंमत दांड्याकडून दुप्पट जोराने वसूल करते.

खाण्याच्या दोन तऱ्हा आहेत. डिझेल पिणारे बाहेर, अंगणात, सिमेंट आणि लोखंडाच्या कामाला. बॅटरीवाले आत, औषधांच्या, खाण्यापिण्याच्या, शीतगृहांच्या गोदामांत, कारण तिथे धूर चालत नाही. शिशाच्या बॅटरीवाल्याचं जुनं वेळापत्रक सरकारी नोकराला लाजवील: आठ तास काम, आठ तास चार्जिंग, आठ तास थंड होणं. पण ती बॅटरी इतकी जड की तिचं वजनच मागच्या ठोकळ्याला मदत करतं. पुढे हलकी लिथियमची बॅटरी आली, झटपट चार्ज होणारी. सगळे खूश. मग लक्षात आलं की वजन कमी पडतंय. आणि अत्याधुनिक बॅटरीच्या शेजारी पुन्हा लोखंडाचे तुकडे भरावे लागले. शंभरावर वर्षं झाली, याच्या बुडाला वजनाशिवाय करमत नाही.

जर्मन लोकांनी याच्यावर सिनेमा काढला आहे. ‘श्टाप्लरफारर क्लाउस’, २००० सालचा छोटा चित्रपट. सुरक्षेचे धडे देणाऱ्या कंटाळवाण्या फिल्मची हुबेहूब नक्कल. नुकताच परवाना मिळालेला क्लाउस कामाच्या पहिल्याच दिवशी एकेक नियम मोडतो आणि गोदामात रक्ताचे सडे पडतात. जर्मनीत लोक हसून हसून बेजार झाले. आपल्याकडच्या गोदामांत त्यातले निम्मे प्रसंग रोज घडतात, फक्त नशिबाने रक्ताशिवाय. फोर्कवर माणूस उभा करून दिवा बदलणं हा तर दिवाळीच्या आधीचा नित्याचा विधी.

एक गोष्ट तेवढी थट्टेची नाही. उलटणाऱ्या गाडीवरून उडी मारायची, हे आपल्याकडे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. बैलगाडीवरून उडी मारून वाचलेले लोक गावात डझनाने सापडतील. इथे तीच सवय जीव घेते. फोर्कलिफ्ट आडवा होताना त्याच्या डोक्यावरचं गजांचं छप्पर उडी मारणाऱ्याच्याच अंगावर येतं. तेव्हा रिठदमधून तुमच्या घरचं कुणी चाकणला किंवा भिवंडीला याच्यावर बसायला निघालं असेल, तर डब्यात ठेचा-भाकरी देताना एवढं सांगून ठेवा: बसल्या बसल्या बेल्ट लावायचा, आणि स्वारी कलायला लागली तर उडी मारायची नाही, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, ज्या बाजूला पडतेय त्याच्या उलट बाजूला अंग टाकायचं आणि जागेवर बसून राहायचं.